कपाळावरचे घर्मबिंदू

न्यूयॉर्क शहरातील लाफायेट रस्त्यावर, २२५ क्रमांकाच्या इमारतीत, १९५० सालापासून पुढली चार-पाच वर्षे, तिशीच्या आतबाहेरचे दोन तरुण समोरासमोर बसून जवळजवळ दररोज एक नवी कथा रचीत असत; आणि ज्या कथा पुढे एका पिढीने रद्दी म्हणून फेकून दिल्या व तिच्यानंतरच्या पिढ्यांनी जिवापाड जपल्या, त्यांतील बऱ्याचशा त्या टेबलावर जन्माला आल्या. एकाचे नाव विल्यम गेन्स, दुसऱ्याचे अल् फेल्डस्टीन. गेन्सचे वडील मॅक्स गेन्स हे अमेरिकन चित्रकथेच्या धंद्यातले आद्य पुरुष; बायबलातील कथा व इतिहास चित्ररूपाने मुलांच्या हाती द्यावा, ह्या हेतूने त्यांनी काढलेली संस्था ते १९४७ साली नौकेच्या अपघातात दगावले तेव्हा कर्जात बुडालेली होती, आणि रसायनशास्त्राचा शिक्षक होण्याची तयारी करणाऱ्या मुलाच्या गळ्यात ती अकस्मात पडली. वडिलांनी संस्थेच्या नावात घातलेला ‘एज्युकेशनल’ हा शब्द जाऊन तेथे ‘एंटरटेनिंग’ आला, आद्याक्षरे मात्र तीच राहिली, आणि ‘ईसी’ ह्या दोन अक्षरांनीच ती संस्था आज ओळखली जाते.

‘वीअर्ड सायन्स’ व ‘वीअर्ड फँटसी’ ही त्यांची दोन विज्ञानकथांची नियतकालिके १९५० साली निघाली. किंमत दहा सेंट, प्रत्येक अंकात बहुधा चार कथा. गेन्सला रात्री झोप लागत नसे. तो हाती येईल ती विज्ञानकथा वाचून काढी, सुचलेल्या कल्पनांची टिपणे करी आणि सकाळी ती फेल्डस्टीनपुढे ठेवी. एखादी कल्पना दोघांना पटली की फेल्डस्टीन वेगळा मसुदा न करता थेट चित्राच्या कोऱ्या फलकावरच संवाद व निवेदन लिही, ते साच्याच्या साहाय्याने यंत्रासारख्या एकसारख्या अक्षरांत शाईने उतरविले जाई, आणि नंतर तो फलक चित्रकाराकडे रवाना होई. चित्रकाराच्या हाती पडे तेव्हा चौकटीचा बराच भाग शब्दांनी व्यापलेला असे. ह्या पद्धतीचा दोष झाकण्याचे कारण नाही: चित्रात जे ढळढळीत दिसते तेच वर शब्दांत सांगितलेले पुष्कळदा आढळते. परंतु त्या उरलेल्या जागेत वॅली वुडसारख्या कलावंताने काय उभे केले ते पाहिले म्हणजे मन थक्क होते. त्याच्या यानाच्या आतल्या भिंतीवर नळ्या, तबकड्या, झडपा, तारांची भेंडोळी अशी काही दाटी असते, आणि त्या प्रत्येक वस्तूवर कोठून प्रकाश पडला आहे हे इतके नेमके ठरलेले असते, की ते यंत्र काल्पनिक आहे ह्याचा विसर पडावा. अल् विल्यम्सनची परग्रहावरील अरण्ये, जो ऑर्लँडोचे चेहरे, मेरी सेव्हरिनची रंगयोजना, ह्यांविषयीही असेच लिहिता येईल. ह्या अंकांना म्हणावे तसे गिऱ्हाईक कधीच लाभले नाही. त्यांचा तोटा त्याच संस्थेच्या भयकथांनी भरून काढला, आणि तरीही आपल्याला सर्वांत जास्त अभिमान ह्याच अंकांचा आहे असे गेन्स सांगत असे.

कथालेखक रे ब्रॅडबरीचे प्रकरण येथे सांगितलेच पाहिजे. १९५२ साली त्याच्या दोन कथा एकत्र गुंफून, त्याला न विचारता, एक चित्रकथा छापली गेली. ब्रॅडबरीने वकिलाची नोटीस धाडली नाही. त्याने अत्यंत सौजन्याचे पत्र लिहिले, की माझे मानधनाचे पन्नास डॉलर पाठवावयाचे आपल्याकडून नजरचुकीने राहिलेले दिसते. पैसे तत्काळ रवाना झाले, आणि त्यानंतर त्याच्या अनेक कथा त्याच्या संमतीने, त्याच्या नावानिशी चित्ररूप पावल्या.

१९५३च्या वसंतात ‘वीअर्ड फँटसी’च्या अठराव्या अंकात ‘जजमेंट डे’ ही कथा आली. फेल्डस्टीनची लेखणी, ऑर्लँडोचा कुंचला. सिब्रिनिया नावाच्या ग्रहावर यंत्रमानवांची वस्ती आहे, आणि आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात सामील होण्याची त्यांची योग्यता झाली आहे की नाही, ह्याची तपासणी करण्यासाठी पृथ्वीवरून टार्लटन नावाचा अधिकारी तेथे येतो. सबंध कथेत त्याचे मस्तक शिरस्त्राणात झाकलेले आहे. नारिंगी यंत्रमानव त्याला आपले कारखाने अभिमानाने दाखवितात. मग त्याच्या ध्यानात येते, की निळ्या यंत्रमानवांची वस्ती निराळी आहे, वाहनात त्यांची जागा मागे आहे, आणि निळ्यांच्या कारखान्यात जाऊन पाहावे तो सुटे भाग तेच, जुळणी तीच, भेद काय तो वरच्या कवचाच्या रंगाचा व पुढे मिळणाऱ्या शिकवणीचा. तो नकाराचा निर्णय देतो, आशेचे दोन शब्द सांगतो आणि यानात परततो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो. तो कृष्णवर्णीय आहे, आणि त्याच्या कपाळावर घामाचे थेंब चमकत आहेत.

पुढच्याच वर्षी वादळ आले. फ्रेड्रिक वर्थम ह्या मनोवैद्याने बालगुन्हेगारीचे खापर चित्रकथांवर फोडणारा ग्रंथ लिहिला. २१ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे गेन्सची जबानी झाली, आणि छिन्न शिराचे चित्र असलेले त्याचे एक मुखपृष्ठ हाती धरून सिनेटर केफॉव्हर ह्यांनी विचारले, की हे सुरुचीला धरून आहे काय? भयकथेच्या मुखपृष्ठाला ते धरून आहे, असे उत्तर गेन्सने दिले, आणि लोकमताच्या न्यायालयात तो त्याच क्षणी हरला. प्रकाशकांच्या संघाने स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली, आणि तिच्या शिक्क्याविना आलेले गठ्ठे वितरक न सोडताच परत धाडू लागले. विज्ञानकथांची दोन्ही नियतकालिके तोट्यापायी आधीच एकत्र झाली होती. आता नावातला ‘वीअर्ड’ हा शब्दही गेला आणि ‘इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन’ हे नाव आले.

त्याच्या तेहतिसाव्या अंकासाठी दिलेली एक कथा नामंजूर झाली, म्हणून गेन्सने तिच्या जागी ‘जजमेंट डे’ पुन्हा छापण्याची तजवीज केली. संहितेचे प्रशासक होते माजी न्यायाधीश चार्ल्स मर्फी. त्यांच्या कचेरीतून प्रथम फर्मान आले, की अंतराळवीर कृष्णवर्णीय असता कामा नये. तो तसा नसेल तर कथेला अर्थच उरत नाही, हे निदर्शनास आणल्यावर तडजोडीदाखल दुसरी अट आली: निदान कपाळावरचे घर्मबिंदू तरी काढून टाकावेत. ही गोष्ट वृत्तपत्रांपुढे मांडीन असा दम गेन्सने भरला, आणि कथा काना-मात्रेचाही फरक न होता छापली गेली. अंकावर तारीख होती जानेवारी-फेब्रुवारी १९५६ची. ह्याच सुमारास, १ डिसेंबर १९५५ रोजी, मंटगमेरी शहरात बसमधली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिल्याबद्दल कृष्णवर्णीय रोझा पार्क्स ह्यांना अटक झाली होती. ईसीचा तो अखेरचा चित्रकथांचा अंक ठरला. ‘मॅड’ हे विनोदी नियतकालिक तेवढे उरले.

मराठी मुलांची ह्या जातीच्या साहित्याशी पहिली मोठी सलगी झाली ती पुढे, १९६४पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ व मँड्रेक ह्यांच्यामार्फत. आणि ते अंक रद्दीवाल्याच्या तराजूत कसे गेले, हे त्या पिढीतल्या पुष्कळांना सांगावे लागणार नाही. ईसीच्या छापील प्रतींची गत निराळी नव्हती. लाकडाच्या लगद्याचा तो स्वस्त कागद हवेने व उजेडाने पिवळा पडतो, आणि शेवटी घडीवर मोडतो. त्या काळी छपाई आटोपली की मूळ चित्रे फाडून टाकणे, जाळणे किंवा कोणालाही देऊन टाकणे, हा ह्या धंद्यातला रिवाजच होता. गेन्सने मात्र जवळजवळ सगळे मूळ फलक बांधून जतन केले. ज्या वस्तूला बाजारात कवडीचे मोल नव्हते, तिच्याविषयी वीस वर्षे दाखविलेली ही निष्ठा मला त्याच्या साऱ्या प्रकाशनांइतकीच मोलाची वाटते. मिसुरीतील रस कॉक्रन ह्या एकेकाळच्या प्राध्यापकाने १९७०च्या दशकात त्या फलकांवरून मोठ्या आकाराची पुनर्मुद्रणे काढावयास आरंभ केला, आणि तोवर केवळ मळकट छपाईतून ठाऊक असलेली वुडची रेषा तेव्हा प्रथमच तिच्या खऱ्या रूपात वाचकांपुढे आली.

ते फलक छापील पानापेक्षा कितीतरी मोठे असत. फलकावरून छापलेल्या अशा कृष्णधवल पानावर रंगांचे ठिपके नाहीत, कागदाचा पिवळेपणा नाही, केवळ शाई आहे. टार्लटनचा चेहरा तेथे छाया-प्रकाशाने घडलेला दिसतो. आणि कपाळावरचे ते थेंब, ज्यांच्यासाठी एका न्यायाधीशाने हुकूम काढला होता, ते म्हणजे ऑर्लँडोने शाईच्या मधोमध राखून ठेवलेला, कोरा, पांढरा कागद.