मानेतलं इंजेक्शन : आधी विचारा, मग घ्या!

सोलापूर रस्त्याने येणारी एसटी हडपसरला थांबली, की एखादी तरी ताई एमआरआयचं मोठं पाकीट सांभाळत उतरते. कुणी दौंडची, कुणी इंदापूरची. इकडे मगरपट्ट्यात दिवसभर कॉम्प्युटरपुढे मान घालून बसणाऱ्या मुलींचंही तेच दुखणं. मान धरलीय, हाताला मुंग्या येतात, रात्री झोप नाही. ‘गादी सरकलीय, नस दबलीय, मणक्यात इंजेक्शन घ्या’ असं डॉक्टरांनी सांगितलं, की मनात पहिला प्रश्न येतो : काही होणार तर नाही ना?

बहुतेकींना काही होत नाही, हे आधीच सांगते. पण क्वचित जे होतं ते गंभीर असतं, म्हणून माहिती हवी.

हे इंजेक्शन म्हणजे स्टिरॉइड. दबलेल्या नसेभोवतीची सूज त्याने उतरते. मानेतून हातात उतरणारी कळ काही आठवडे किंवा काही महिने कमी होऊ शकते. सरकलेली गादी मात्र त्याने जागेवर जात नाही. नुसती मान आखडली असेल, तर बऱ्याचदा औषधं, शेक आणि फिजिओथेरपीच्या व्यायामानेच आराम पडतो.

मग धोका कुठला? मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या जातात. काही स्टिरॉइडमध्ये डोळ्यांना न दिसणारे कण असतात. सुई चुकून धमनीत गेली, तर हे कण रक्ताची वाट अडवू शकतात. २३ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की अशा इंजेक्शननंतर क्वचित दृष्टी जाणं, पक्षाघात, हातपाय लुळे पडणं, मृत्यूही घडला आहे. त्याआधी २०१२ मध्ये तिथेच एका कंपनीच्या स्टिरॉइडमध्ये बुरशी निघाली. साडेसातशे जणांना संसर्ग झाला आणि साठहून अधिक दगावले. म्हणजे सुई जितकी महत्त्वाची, तितकीच औषधाची बाटलीही!

म्हणून मैत्रिणींनो, लाजू नका, विचारा. इंजेक्शन सी-आर्म मशीनवर बघून देणार ना? सुई कुठे आहे हे रंगद्रव्य सोडून तपासणार ना? माझा एमआरआय तुम्ही स्वतः पाहिलात का? बाजूने, नसेच्या छिद्रातून देणार असाल, तर बिनकणांचं डेक्सामेथासोन वापरणार ना? मानेत या मार्गाने कणवालं स्टिरॉइड देऊ नये, असं २०१५ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी एकत्र येऊन सांगितलंय.

आपणही काही लपवायचं नाही. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, ताप, कुठलीही अ‍ॅलर्जी, दिवस राहिल्याची शक्यता, सगळं सांगायचं. पण कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढू शकते, चेहरा लाल होतो, पाळी मागेपुढे होऊ शकते. त्याने घाबरू नका.

घाबरायचं केव्हा? अचानक हातपाय गळाले, नजर गेली, बोलताना जीभ अडखळली, तोल गेला, तर एक मिनिट न दवडता मोठ्या हॉस्पिटलात जा. १०८ ला फोन करा. पुढच्या दिवसांत, अगदी काही आठवड्यांनीही, ताप, जबर डोकेदुखी, मान ताठ होणं दिसलं, तरी थांबू नका. ‘सकाळी बघू’ म्हणत अंगावर काढणं इथे महागात पडतं.

आणि सहीचं काय? ‘इथे सही करा, ताई’ म्हटलं की आपण करून मोकळ्या होतो. रुग्णाला उपचार, त्यातले धोके आणि दुसरे पर्याय सांगूनच संमती घ्यायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलंय. तो खटलाही एका बाईनेच लढवला होता. तेव्हा कागद इंग्रजीत असेल, तर मराठीत समजावून मागा. नवऱ्याने किंवा मुलाने ऐकलं, एवढ्यावर भागवू नका. मान आपली आहे, निर्णयही आपणच समजून घ्यायचा.