यादी कोणाची?

संगणकाला आज्ञा देण्याची विद्या नव्याने शिकणाऱ्याच्या वाट्याला दोन जातींच्या चुका येतात. पहिल्या जातीची चूक बोलकी असते. ती झाली की संगणक तिथल्या तिथे अडून बसतो आणि कितव्या ओळीत काय बिघडले तेही सांगतो. दुसऱ्या जातीची चूक मुकी असते. आज्ञावली सुरळीत चालते, उत्तरही हाती येते. मात्र ते उत्तर खोटे असते. वर्ग आणि यादी यांची सांगड घालताना होणाऱ्या चुका बहुधा या दुसऱ्या जातीच्या असतात. म्हणून त्यांचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम वर्ग म्हणजे काय ते पाहू. ही कल्पना नॉर्वेतली. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी घडविलेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत ती १९६७ साली पुढे आली. काही माहिती आणि तिच्यावर करावयाच्या क्रिया यांची एकत्र बांधलेली मोट म्हणजे वस्तू, म्हणजेच ऑब्जेक्ट. आणि तशा वस्तू कशा घडवाव्यात याचे वर्णन म्हणजे वर्ग, अर्थात क्लास. एखाद्या ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. ‘वाचक’ हा वर्ग झाला. सुलभा आणि माधव या त्या वर्गाच्या दोन वस्तू. प्रत्येक वाचकाला नाव असते आणि त्याने घरी नेलेल्या पुस्तकांची एक यादी असते.

आता १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आणि आज आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांतून शिकविल्या जाणाऱ्या पायथन भाषेत हेच लिहू. नवशिका विद्यार्थी वर्गाच्या मथळ्याखालीच लिहून टाकतो की, ‘पुस्तके’ म्हणजे एक रिकामी यादी. मग तो सुलभाच्या यादीत एक पुस्तक घालतो. यादी छापून पाहतो, तर पुस्तक जागच्या जागी असते. त्याचे समाधान होते. पुढे केव्हातरी माधवची यादी उघडली जाते, आणि ज्याने ग्रंथालयाची पायरीही चढलेली नाही त्या माधवच्या नावावरही तेच पुस्तक दिसते!

असे का व्हावे? वर्ग म्हणजे साचा आणि वस्तू म्हणजे त्यातून निघालेल्या मूर्ती, असा दृष्टांत शिकवताना देतात. तो वाईट नाही, पण अपुरा आहे. साच्याच्या पोटात काही साठवता येत नाही. पायथनमधला वर्ग मात्र स्वतःच एक वस्तू असतो आणि त्याच्यापाशी स्वतःची मालमत्ता असू शकते. वर्गाचे वर्णन संगणक एकदाच वाचतो. त्या वेळी जी यादी निर्माण होते ती एकच, आणि ती वर्गाची. सुलभाकडे ‘पुस्तके’ मागितली की संगणक आधी तिच्यापाशी शोधतो; तिथे काही न सापडल्यास वर्गाकडे जातो. माधवचेही तसेच. दोघेही एकाच सामाईक यादीत लिहीत राहतात.

येथे आणखी एक चकवा आहे. यादीऐवजी एखादा आकडा, समजा ‘भेटी = ०’, वर्गात ठेवला आणि सुलभाच्या भेटींत एकाची भर घातली, तर माधवचा आकडा शून्यच राहतो. कारण आकडा जागच्या जागी बदलता येत नाही. बेरीज करून आलेला नवा आकडा सुलभाच्या स्वतःच्या नावे नोंदला जातो. यादीत भर घालताना मात्र नवे काही निर्माण होत नाही, आहे तीच यादी वाढते. आकड्याने निभावून नेले म्हणून यादीही निभावून नेईल, असा भाबडा विश्वास विद्यार्थ्याच्या मनात बसतो तो असा. जावासारख्या भाषेतून आलेला माणूसही फसतो. तिथे एखादी गोष्ट सामाईक करावयाची तर तसे स्पष्ट लिहावे लागते.

उपाय सोपा आहे. एका वाचकाने एका वेळी किती पुस्तके न्यावीत हा नियम सर्वांचा, म्हणून तो वर्गात शोभतो. पुस्तकांची यादी ज्याची त्याची. म्हणून प्रत्येक वस्तू जन्माला येताना चालणाऱ्या ‘इनिट’ या क्रियेत ती नव्याने करावी. फंक्शनला यादी न दिल्यास धरावयाचे अध्याहृत मूल्य म्हणून रिकामी यादी लिहिली, तरी हाच घोटाळा होतो. तीही एकदाच निर्माण होते आणि दर खेपेला जुन्या नोंदींसह पुढे येते. तिथे ‘नन’ हे मूल्य ठेवून फंक्शनच्या आत नवी यादी करणे बरे.

दुसरी चूक नावाची आहे. ‘ब = अ’ असे लिहिले की यादीची प्रत झाली, असे नवशिक्याला वाटते. वस्तुतः विठ्ठल म्हणा, विठोबा म्हणा की पांडुरंग म्हणा, विटेवरची मूर्ती एकच. तसे हे दुसरे नाव आहे. भाषेने हे मुद्दामच केले आहे. दहा लाख नोंदींची यादी नुसते नाव देताना दरवेळी उतरून काढणे परवडणारे नाही. प्रत हवी तर ‘कॉपी’ म्हणून ती मागावी लागते. यादीच्या पोटात याद्या असतील, तर साध्या प्रतीतही आतल्या याद्या सामाईकच राहतात, हेही ध्यानात असावे. फुल्ली-गोळ्याचा पट करताना एकच ओळ तीनने गुणली, तर एका घरात मारलेली फुल्ली तिन्ही ओळींत उमटते ती यामुळेच.

तिसरी चूक पंगतीच्या उदाहरणाने समजेल. वाढपी पाटांच्या क्रमाने वाढत चालला आहे. तिसऱ्या पाटावरचा माणूस उठला आणि पुढचे सगळे एकेक पाट अलीकडे सरकले. वाढपी चौथ्या पाटाकडे वळतो, आणि तिसऱ्यावर सरकून आलेला पाहुणा उपाशी राहतो. यादीवरून फिरत असताना तिच्यातलीच नोंद काढून टाकली की पुढची नोंद अशीच तपासणीतून निसटते. म्हणून फिरावे एका यादीवरून आणि ठेवावयाच्या नोंदी नव्या यादीत भराव्यात.

तिन्ही चुकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: येथे याद्या खरोखर किती आहेत, आणि त्या केव्हा निर्माण झाल्या? हा प्रश्न क्षुल्लक नाही. ग्रंथालयाच्या जागी रुग्णालय आणि पुस्तकांच्या जागी औषधे कल्पून पाहा. एका रुग्णाचे औषध दुसऱ्याच्या नावावर चढेल आणि संगणक अवाक्षर काढणार नाही. वर्ग असतो अनेक वस्तूंसाठी. आपण मात्र एकच वस्तू करून पाहतो आणि निर्धास्त होतो. एकट्या सुलभेवर घेतलेल्या परीक्षेत ही चूक कधीच सापडत नाही. दोन वाचक करावेत, एकाच्याच यादीत पुस्तक घालावे आणि दुसऱ्याची यादी रिकामी आहे ना, ते पाहावे. शंका वाटलीच तर दोन नावांमागे वस्तू एकच आहे काय, हे पायथनला ‘इज’ या शब्दाने विचारता येते. या तपासणीला चार ओळी पुरतात, आणि मुकी चूक तिथेच बोलकी होते.