कुबेरवरचे पाच जण

मुंबईतल्या घोडपदेवहून चालत जाण्याच्या अंतरावर भाऊचा धक्का आणि वाडीबंदर आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्यात, वाडीबंदरला एका टॅक्सीत बॉम्ब फुटला. तो ठेवणारे पोरबंदरच्या ‘कुबेर’ या मासेमारी नौकेतून मुंबईजवळ आले होते. तेव्हापासून मच्छीमाराची नौका हे संशयाचे चिन्ह झाले. वास्तविक या कटाचे पहिले बळी मच्छीमारच होते. कुबेरवर पाच जण होते. चौघांना भर समुद्रात मारले, तांडेल अमरसिंह सोळंकी यांच्याकडून मुंबईपर्यंत नौका चालवून घेतली आणि मग त्यांचाही जीव घेतला. तरीही लोकांच्या आठवणीत कुबेर उरली ती ‘अतिरेक्यांची बोट’ म्हणून. दुःखाची खूण संशयाची खूण व्हायला इतका थोडा वेळ पुरतो.

त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली, राज्याराज्यांच्या नौकांना वेगवेगळे रंग ठरले, भर समुद्रात तपासणी वाढली. शत्रू मासेमारी नौकेतूनच आला, मग ती तपासायची नाही तर काय, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप खरा आहे, आणि तपासणीला कोळीवाड्यांचाही विरोध असण्याचे कारण नाही. पण कुबेर ही नोंदणी झालेली, खऱ्या मालकाची नौका होती. पळवलेल्या नौकेवरचा रंग आणि मेलेल्या खलाशाचे कार्ड धोक्याची वर्दी देत नाहीत. ती वर्दी माणसेच देतात. कफ परेडच्या मच्छीमार नगरजवळ रबरी होडीतून उतरलेल्या त्या अनोळखी तरुणांना पहिल्यांदा हटकले ते तिथल्या कोळ्यांनीच. कोणती होडी आपली, कोण माणूस परका, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला कागद न पाहता कळते. कोळ्याने दिलेली खबर त्याच रात्री वरपर्यंत पोचेल अशी व्यवस्था हवी. कार्ड दाखवण्याचे कर्तव्य त्याच्यावर टाकले, तर त्याचे ऐकून घेण्याचे कर्तव्य शासनावर येते.

मच्छीमारांवरच्या या संशयाचे मूळ २००८ च्याही मागे जाते. १९६५ च्या भारत-पाकिस्तान कच्छ संघर्षानंतर नेमलेल्या लवादाने १९६८ मध्ये निवाडा दिला, पण सर क्रीक या खाडीचा प्रश्न त्यातून बाहेर राहिला. समुद्रातली हद्द आजही ठरलेली नाही. त्या न आखलेल्या रेषेपायी गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून जाणारे डहाणू-पालघरचे आदिवासी आणि मच्छीमार कराचीच्या मलीर तुरुंगात पडतात, आणि पाकिस्तानी मच्छीमार आपल्या तुरुंगात. २१ मे २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. यादी दिली म्हणजे सुटका झाली असे होत नाही. पकडलेली नौका परत मिळेल याचीही खात्री नसते, आणि नौका गेली की घराची कमाई गेली.

दर २६ नोव्हेंबरला मुंबई आपल्या मृतांना श्रद्धांजली वाहते. त्या वेळी कुबेरवरच्या पाचही जणांची नावे वाचली जावीत, आणि सर्वांत आधी वाचली जावीत.