ठशांची माळ : डिजिटल चित्रासाठी ब्रश निवडताना

डिजिटल चित्रकलेतला ‘ब्रश’ हा शब्द कागदावरच्या कुंचल्यावरून उसना घेतलेला असला, तरी त्याचे काम रबरी शिक्क्याच्या अधिक जवळचे आहे. पडद्यावर रेघ ओढली जाते तेव्हा संगणक रंगाची सलग धार सोडत नाही. ब्रशच्या टोकाच्या आकाराचा एक ठसा तो ठरावीक अंतराने उमटवत जातो, आणि हे ठसे एकमेकांवर इतके चढलेले असतात की डोळ्याला अखंड रेघच दिसते. दोन ठशांमधल्या या अंतराला ‘स्पेसिंग’ म्हणतात व ते बहुधा ठशाच्या व्यासाच्या टक्केवारीत सांगितले जाते. स्पेसिंग 100 टक्क्यांच्या पुढे नेले की माळेतले मणी सुटे दिसू लागतात आणि एरवी लपलेली ही सारी करामत उघडी पडते.

क्रिता, फोटोशॉप किंवा प्रोक्रिएट यांपैकी काहीही उघडले, तरी तयार ब्रशांची लांबलचक यादी समोर येते आणि त्यात ऑइल, चारकोल, वॉटरकलर अशी ओळखीची नावे असतात. खऱ्या माध्यमांची नक्कल करण्याचा हा सोस जुना आहे. 1991 साली आलेले ‘पेंटर’ हे सॉफ्टवेअर तर रंगाच्या पत्र्याच्या डब्यात घालून विकले जात असे. तथापि ब्रशचे नाव हे केवळ त्यावरचे लेबल असते. निवड करताना त्याची कड कशी पडते, त्याचा रंग कसा साचतो आणि खाली आधीपासून असलेल्या रंगाशी तो कसा वागतो, एवढे पाहिले तर यादीतले बहुतेक ब्रश एकमेकांची भावंडे असल्याचे लक्षात येते.

कडेचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ‘हार्डनेस’ पूर्ण असलेला गोल ब्रश स्पष्ट कड देतो, तर ती कमी केली की ठसा कडेकडे विरत जातो. गालाच्या गोलाईवर छाया हळूहळू उतरते, म्हणून तिथे मऊ ब्रश शोभतो. परंतु नाकाची ओठावर पडणारी सावली नाकाजवळ रेखीव असते व दूर जाताना विरते, म्हणून तिथे दोन्ही प्रकारच्या कडा लागतात. नवशिक्यांच्या व्यक्तिचित्रांत चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा दिसतो, त्यामागे मऊ ब्रशाचा सरसकट वापर हे फार मोठे कारण असते.

खरा गोंधळ होतो तो ‘ओपॅसिटी’ आणि ‘फ्लो’ यांच्यात, कारण दोन्ही सरकपट्ट्या रंग फिकट करतात असे वरवर पाहता वाटते. फ्लो म्हणजे प्रत्येक ठशातून किती रंग उतरावा याचे माप, तर ओपॅसिटी म्हणजे पेन उचलेपर्यंतच्या संपूर्ण फटकाऱ्यावर घातलेली कमाल मर्यादा. समजा, स्पष्ट कडेच्या गोल ब्रशाची ओपॅसिटी पूर्ण, फ्लो 10 टक्के आणि स्पेसिंग 25 टक्के आहे. अशा वेळी रेघेच्या मध्यावरच्या कोणत्याही बिंदूवर चार ठसे पडतात आणि प्रत्येक ठसा उरलेल्या पांढऱ्याचा दहावा भाग झाकतो, म्हणून पांढरा 90, 81, 73 असा उतरत शेवटी सुमारे 66 टक्क्यांवर येतो; म्हणजे रंग जेमतेम 34 टक्के चढतो. आता फ्लो तोच ठेवून स्पेसिंग मात्र 10 टक्के केले, तर त्याच बिंदूवर दहा ठसे पडतात व रंग 65 टक्क्यांपर्यंत जातो. ज्याला हात लावला ती सरकपट्टी अंतराची होती, पण बदलला तो रंगाचा दाटपणा. उलट ओपॅसिटी 50 टक्क्यांवर बांधली असेल, तर एकाच फटकाऱ्यात कितीही घोटले तरी रंग निम्म्यापुढे जात नाही, मात्र पेन उचलून पुन्हा टेकवताच दोन फटकारे जिथे चढतात तिथे गडद पट्टा उमटतो. मार्करसारखे सपाट थर हवे असतील तेव्हा हे वागणे सोयीचे ठरते, तर आकाशातल्या हळुवार छटांसाठी कमी फ्लो बरा.

खालचा रंग उचलून पुढे ओढणारे ब्रश हे वेगळे प्रकरण आहे. क्रितामध्ये त्यांच्यासाठी ‘कलर स्मज’ नावाची स्वतंत्र यंत्रणा आहे. तिला प्रत्येक ठशापूर्वी खालचे चित्र वाचावे लागते, त्यामुळे मोठ्या आकाराला ती संथ पडते. शिवाय निळा व पिवळा मिसळल्यावर हिरवा होतो ही शाळेतली शिकवण इथे बहुधा फसते. संगणक सहसा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या आकड्यांची सरासरी काढतो आणि शुद्ध निळ्या-पिवळ्याची सरासरी करडी येते. रंगद्रव्ये प्रकाश कसा शोषतात व विखुरतात याचे गणित कुबेल्का आणि मुंक यांनी 1931 मध्ये मांडले होते. त्यावर आधारलेली ‘मिक्सबॉक्स’ ही पद्धत 2021 मध्ये पुढे आली, आणि ती वापरणाऱ्या सॉफ्टवेअरात हिरवा खरोखर मिळतो.

देवनागरी सुलेखन करणाऱ्यांना चपट्या टोकाचा ब्रश लागतो आणि तिथे कोनाचे एक सेटिंग निर्णायक ठरते. बोरूप्रमाणे टोक 45 अंशांवर स्थिर ठेवले, तर शिरोरेषा व काना सारख्याच जाडीचे उतरतात, आणि तिरप्या वळणांपैकी एका दिशेची जाड तर दुसऱ्या दिशेची बारीक होतात. परंतु टोक रेघेच्या दिशेनुसार फिरण्याची मुभा चालू राहिली, तर सगळीकडे एकच जाडी येते आणि अक्षरातला बोरूच हरवतो. पेनच्या दाबावर आकार बांधला असेल तर तोही अशा वेळी बंद करणे इष्ट, कारण बोरूची रुंदी दाबाने फारशी बदलत नाही.

खोडण्यासाठी वेगळा ब्रश शोधण्याची मात्र गरज नसते. क्रितामध्ये ‘ई’ हे इंग्रजी अक्षर दाबताच हातातला ब्रशच खोडरबर बनतो, आणि कोळशासारख्या खरखरीत ब्रशाने काढलेली छाया त्याच ब्रशाने खोडली की तिची नवी कडही तितकीच खरखरीत राहते.