टप्प्याटप्प्याने आकाशाकडे

आकाशाचे आकर्षण मनुष्याला अनादी काळापासून आहे. श्रीहरिकोट्याहून झेपावणारा अग्निबाण दूरदर्शनच्या पडद्यावर पाहताना आबालवृद्धांचे श्वास आजही क्षणभर रोखले जातात. परंतु कागदाची नळी, बाल्सा लाकडाचे पातळ पंख, हलका अग्रशंकू आणि बोटभर लांबीची मोटर एवढ्या सामग्रीतून स्वतःच्या हातांनी अग्निबाण घडविण्याचा आणि तो शे-दोनशे मीटर उंच उडविण्याचा एक छंदही आहे, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नसते. दोन किंवा तीन टप्प्यांचा अग्निबाण ही तर या छंदाची कसोटीच होय.

अपघातांतून आलेले शहाणपण

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेतील तरुण पिढीला अग्निबाणांनी झपाटले. मुले घराच्या तळघरात रसायने मिसळून ती धातूच्या नळ्यांत ठासू लागली. परिणाम व्हायचा तोच झाला. स्फोट होऊन अनेकांना गंभीर इजा झाल्या. काही अपघात प्राणघातकही ठरले.

यावरील उपाय मात्र आधीच तयार होता. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल यांचे पादत्राणांचे दुकान होते. शोभेच्या दारूकामाचे ते जाणकार, तर त्यांचे बंधू रॉबर्ट यांना विमानांच्या प्रतिकृती करण्याची आवड. या दोघांच्या कौशल्यातून १९५४ मध्ये पॅराशूटने सुखरूप परतणारा आणि नवी मोटर बसवून पुन्हा उडविता येणारा छोटा कागदी अग्निबाण साकारला. १९५७ मध्ये त्यांनी तो जी. हॅरी स्टाइन यांच्या नजरेस आणला. व्हाइट सँड्स येथील अग्निबाण-चाचणी क्षेत्रावर काम केलेल्या स्टाइन यांनी त्यातील मर्म ताबडतोब ओळखले. अग्निबाण मुलांनी घडवावा, पण त्यातील स्फोटक भाग कारखान्यातूनच तयार होऊन यावा! त्याच वर्षी ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ ही संस्था स्थापन झाली. पुढे व्हर्न एस्टेस यांनी मोटरी घडविणारे स्वयंचलित यंत्र तयार केले. ‘मेबल’ असे लाडके नाव लाभलेल्या या यंत्रामुळे एकसारख्या, भरवशाच्या मोटरी मुबलक मिळू लागल्या.

मोटरीची भाषा

अशा प्रत्येक मोटरीवर ‘सी६-५’ यासारखी खूण छापलेली असते. अक्षरावरून मोटरीचा एकूण आवेग कळतो. ‘ए’ची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, ‘बी’ची ५, ‘सी’ची १०, म्हणजे प्रत्येक अक्षरागणिक ती दुप्पट होत जाते. पहिला अंक सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो. शेवटचा अंक म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकले जाईपर्यंतचे सेकंद. या अवधीत अग्निबाण मिळालेल्या वेगावर वर जात राहतो आणि माथ्याशी पोहोचता पोहोचता छोटा स्फोट होऊन अग्रशंकू सुटतो, पॅराशूट उघडते.

ओझे उतरविण्याची युक्ती

इंधन जळून गेल्यावर रिकामी नळी केवळ ओझे ठरते. ते वाटेत टाकून दिले, तर उरलेले इंधन हलक्या देहाला अधिक वेग देते. टप्प्यांच्या अग्निबाणामागील तत्त्व एवढेच. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून भारताच्या अंतराळयुगाचा प्रारंभ करणारा ‘नाइके-अपाचे’ हा अमेरिकी बनावटीचा अग्निबाण दोन टप्प्यांचा होता. १८ जुलै १९८० रोजी ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत नेणारा ‘एसएलव्ही-३’ चार टप्प्यांचा होता, आणि ‘पीएसएलव्ही’ही चार टप्प्यांचाच आहे.

छंदाच्या अग्निबाणात हे काम आश्चर्य वाटावे इतक्या साधेपणाने होते. खालच्या टप्प्यासाठी ‘सी६-०’सारखी, शेवटी शून्य असलेली मोटर वापरतात. तीत विलंबाचा थर नसतो आणि पॅराशूट फेकणारी दारूही नसते. इंधन जळत वरच्या टोकाशी पोहोचले की उरलेला पातळ थर फुटतो आणि तप्त वायू व कण थेट वरच्या मोटरीच्या तोंडात शिरून तिला पेटवितात. वरची मोटर पेटण्यापूर्वीच दोन्ही टप्पे विलग होऊ नयेत, म्हणून लहान अग्निबाणांत दोन्ही मोटरी चिकटपट्टीच्या एका वेढ्याने जोडतात. वरची मोटर पेटताच ही पट्टी तुटते. सुटलेला खालचा टप्पा हलका असल्याने गिरक्या खात जमिनीवर येतो. त्याला पॅराशूट लागत नाही.

तोल आणि वारा

खरी परीक्षा तोलाची असते. अग्निबाणाचा गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबाच्या केंद्रापेक्षा किमान नळीच्या व्यासाइतका पुढे असावा, असा संकेत आहे. खालची मोटर जोडली की शेपटाकडचे वजन वाढून गुरुत्वमध्य मागे सरकतो. म्हणून खालच्या टप्प्याचे पंख मोठे ठेवतात, जेणेकरून दाबकेंद्रही मागे जाईल. शिवाय जोडलेला अग्निबाण आणि एकटा वरचा टप्पा, दोन्ही स्थिर असावे लागतात. दाबकेंद्र गणिताने काढण्याची पद्धत जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये छंदप्रेमींपुढे मांडली. आता हे काम संगणक करतो.

दुसरा प्रतिस्पर्धी म्हणजे वारा. जड अग्निबाण प्रक्षेपणदांडी सावकाश सोडतो आणि वारा येतो त्या दिशेने कलतो. अशा वेळी दुसरा टप्पा पेटला, तर तो वर न जाता आडवा धावतो आणि प्रेक्षकांच्या दिशेनेही येऊ शकतो. त्यामुळे खालच्या टप्प्यास दमदार मोटर, शांत हवा आणि विस्तीर्ण मोकळे मैदान या तिन्ही गोष्टी अनिवार्य ठरतात. मोटर विजेच्या तारेने दूर उभे राहून पेटवायची, उलटी गणती मोठ्याने करायची, अग्निबाण पेटला नाही तर किल्ली काढून ६० सेकंद जवळ जायचे नाही, अशी नियमावली छंदप्रेमी काटेकोरपणे पाळतात.

आपल्यासाठी

आपल्याकडे स्फोटक द्रव्ये परवान्याशिवाय तयार करता येत नाहीत. फटाक्यांची दारू काढून केलेले प्रयोग तर जिवावर बेतू शकतात. परंतु जिज्ञासेला वाट मोकळी आहे. शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली, थोडे पाणी आणि सायकलचा पंप यांवर उडणारा पाण्याचा अग्निबाण मोठ्यांच्या देखरेखीखाली मैदानात करून पाहता येतो. क्रिया-प्रतिक्रियेचा नियम, गुरुत्वमध्य आणि पंखांचे महत्त्व हे सर्व त्यातूनही उमगते. आपल्या पाल्याने अग्निबाण करण्याचा हट्ट धरला, तर त्याला केवळ नकार देऊन थांबू नये. नकार मिळालेली उत्सुकता लपून प्रयोग करू लागते, हे १९५७ नंतरच्या अपघातांनी दाखवून दिले आहे. एखादी सुट्टीची सकाळ त्याच्यासोबत मैदानात घालवावी. उंची किती गाठली, याची मोजदाद नंतर करता येईल.