पाटी न लागणारी मदत

खेळता खेळता पाणी उपसायचं! कल्पना ऐकताच हात खिशाकडे जावा अशीच होती. बोअरवेलवर मुलांचं गोल फिरणारं चक्र बसवायचं. मुलं त्यावर गरगर फिरणार, पाणी उंच टाकीत चढणार, टाकीच्या अंगावर जाहिराती लागणार आणि त्या पैशांतून देखभाल होणार. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या या 'प्लेपंप'साठी २००६ साली अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली. २०१० पर्यंत चार हजार पंप बसवायचे ठरले. एका पंपाला खर्च सुमारे १४ हजार डॉलर, म्हणजे साध्या हातपंपाच्या कितीतरी पट.

मुलांना खेळाचा कंटाळा येतो, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. मुलं निघून गेल्यावर ते चक्र वाकून ढकलायचं काम गावातल्या बायकांच्या वाट्याला आलं. पूर्वीचा हातपंप बरा होता, असं म्हणायची वेळ आली. २००९ साली ब्रिटनच्या 'गार्डियन'नं हिशेब मांडला, की एका पंपानं जितक्या माणसांना पाणी पुरवायचं ठरलं होतं, तितकं उपसायला मुलांनी रोज २७ तास खेळायला हवं! पुढच्या वर्षी या पंपांसाठी पैसा उभारणाऱ्या अमेरिकी संस्थेनं आपला गाशा गुंडाळला.

दिसायला छान मदतीचा हा मोह लहानांनाही सुटत नाही. आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या शाळांना मदत करणाऱ्या छोट्या संस्था युरोप-अमेरिकेत गल्लोगल्ली आहेत. बहुतेक कुणाच्या तरी सहलीतून किंवा वर्षभराच्या शिक्षकीतून जन्मलेल्या. चार मित्र, एक हिशेबनीस, वर्षातून एक जेवणावळ आणि तिच्यातून जमलेला निधी. संस्था देणगीवर चालते, देणगी फोटोवर मिळते आणि फोटोत इमारत छान दिसते. इमारतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. वर्गातल्या पोराच्या हातातल्या पाटीवर काय उमटतं, ते मात्र फोटोत येत नाही.

ते बघायचा प्रयत्न ज्या थोड्या संस्थांनी केला, त्यांत केनियातल्या बुसियाची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. बुसिया हा केनियाचा पश्चिमेकडचा, युगांडाच्या सीमेला भिडलेला भाग. खाली व्हिक्टोरिया सरोवर. तिथं एक डच संस्था शाळांसाठी काम करायची. तिला सगळे 'आयसीएस' म्हणत. मायकेल क्रेमर हा अमेरिकी अर्थतज्ज्ञ तरुणपणी वर्षभर पश्चिम केनियातच एका शाळेत शिकवून गेला होता. १९९०च्या दशकाच्या मध्यावर तो पुन्हा तिकडे गेला, तेव्हा आयसीएसमधला त्याचा मित्र मदतीसाठी सात शाळा निवडायच्या तयारीत होता. क्रेमर म्हणाला, सात नको, चौदा निवड. सोडत काढून त्यातल्या सातांना मदत दे आणि उरलेल्या सातांशी ताडून बघ.

छोट्या संस्थेला हे सुचणं सोपं नाही आणि पचणं त्याहून अवघड. आपलं काम फुकट गेलं, असं सिद्ध होण्याची जोखीम कोण घेणार? आयसीएसनं घेतली.

पहिल्या सात शाळांत गणवेश, पुस्तकं आणि वर्गखोल्या दिल्या. केनियात तेव्हा गणवेशाशिवाय शाळेत उभं राहणं कठीण आणि तो शिवून घेणं गरिबाला जड. तो मिळताच शाळा सोडणारी मुलं कमी झाली. इतकंच नव्हे, शेजारच्या शाळांतली मुलंही नाव काढून इकडे आली आणि वर्ग तुडुंब भरले. परीक्षेतले गुण मात्र होते तिथंच राहिले.

मग नुसत्या पुस्तकांची पारख झाली. शंभर शाळांपैकी पंचवीस शाळांना १९९६ मध्ये पाठ्यपुस्तकं दिली. पुस्तकं वाटणं हे असं पुण्यकर्म, की त्यावर शंका घेणारा माणूस पापी ठरावा. पण सरासरी गुणांत फरक पडला नाही. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांचा. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. घरात लुह्या किंवा तेसो, बाजारात स्वाहिली आणि पुस्तक इंग्रजीत. बहुसंख्य मुलांची ती तिसरी भाषा. ज्याला ती वाचताच येत नाही, त्याच्या दप्तरात पुस्तक म्हणजे ओझं. भिंतीवर टांगायच्या तक्त्यांचीही गत तीच झाली.

आणि मग आली जंताची गोळी. सरोवराकाठच्या त्या मुलखात मुलांच्या पोटात जंत असणं ही नेहमीचीच गोष्ट. मुलं मरगळलेली, पोट दुखतंय म्हणून घरीच. १९९८ पासून ७५ शाळांत टप्प्याटप्प्यानं जंतनाशक गोळ्या दिल्या. खर्च मुलामागे वर्षाला अर्ध्या डॉलरच्या आसपास. गैरहजेरी किमान एक चतुर्थांशानं घटली. जंतांचा फैलाव कमी झाल्यामुळे गोळी न घेतलेल्या शेजारच्या मुलांनाही थोडा लाभ झाला. गुण याही वेळी वाढले नाहीत, हे सांगायला हवं. २०१५ साली लंडनच्या काही संशोधकांनी याच आकड्यांची फेरतपासणी करून चुका दाखवल्या आणि अभ्यासकांत मोठी जुंपली. तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण अर्ध्या डॉलरमध्ये वर्गात मुलं जास्त दिवस दिसावीत, हे मला तरी थोडं वाटत नाही. क्रेमरला २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांच्यासह मिळालं, त्यामागे बुसियाच्या या शाळा होत्या.

गुण वाढत नव्हते त्याचं एक उत्तर पुढे मिळालं आणि त्याचा धागा मुंबईला येऊन पोहोचतो. २००३ मध्ये केनियात प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि पहिलीच्या एकेका वर्गातली मुलं ऐंशीच्या वर गेली. तेव्हा पश्चिम केनियात आयसीएसनं एक जादा कंत्राटी शिक्षक देऊन वर्ग दोन केले. काही शाळांत ही वाटणी मुलांना किती येतं ते पाहून केली. तिथं पुढची आणि मागची, दोन्ही मुलं सुधारली. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून उभी राहिलेली माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांची 'प्रथम' संस्था हेच वेगळ्या वाटेनं शिकली होती. मूल कितवीत आहे ते विसरा, त्याला वाचता काय येतं ते बघा आणि तिथून सुरुवात करा. 'प्रथम'च्या 'असर' या घरोघरच्या वाचन-चाचणीवरून २००९ मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडात 'उवेझो' सुरू झालं. स्वाहिलीत त्याचा अर्थ क्षमता. २०१६ मध्ये झांबियानं ऐंशी शाळांत 'प्रथम'ची पद्धत आजमावली. यात बांधकाम नाही, त्यामुळे पाटीही नाही.

संस्था कशी चालवावी याचा दुसरा धडा झिम्बाब्वेच्या मोला गावातला. ॲन कॉटन ही ब्रिटिश बाई १९९१ मध्ये तिथं गेली. मुली शाळेत का नाहीत, याचं तयार उत्तर होतं, की आईबापांनाच नकोय, रूढी आडवी येते. तिला भेटल्या त्या सुमारे शंभर किलोमीटर चालत आलेल्या दोन मुली. मोलाच्या शाळेची फी कमी होती म्हणून त्या आल्या होत्या आणि खोपटात राहून स्वतःचं रांधून खात होत्या. अडत होतं ते पैशांवर. कॉटननं केंब्रिजच्या बाजारात केक विकून पैसे जमवायला सुरुवात केली. १९९३ मध्ये ३२ मुलींची फी भरली आणि 'कॅमफेड' संस्था उभी राहिली. मदत कुणाला द्यायची, हे गावातले शिक्षक, पालक आणि अधिकारी मिळून ठरवत. संस्थेनं शिकवलेल्या सुरुवातीच्या मुलींपैकी अँजेलिन मुरिमिर्वा पुढे तिची मुख्य कार्यकारी अधिकारी झाली.

इथले कुणी असं काही करायच्या विचारात असतील, तर व्यवहाराची एक गोष्ट. भारतात नोंदलेल्या धर्मादाय न्यासानं परदेशात खर्च केला, तर त्यावर आयकराची सूट आपोआप मिळत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास परवानगी लागते. सनदी लेखापालाला आधी विचारा. आणि तिकडच्या मुख्याध्यापकांना विचारताना 'काय पाठवू?' असं विचारू नका. समोरून येईल ते घ्यायचं, ही गरिबाची सवय असते. गेल्या महिन्यात काय मोडलं आणि कोणती मुलं यायची थांबली, ते विचारा.

बुसियातली गोळी तर आपल्याही घरी येऊन गेली आहे. क्रेमर, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या 'डीवर्म द वर्ल्ड' उपक्रमानं भारतातही सरकारी जंतनाशक मोहिमांना तांत्रिक मदत केली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पहिला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला गेला. १० फेब्रुवारीला अंगणवाडीत आणि शाळेत मुलांना अल्बेंडाझोलची जी गोळी चावून खायला लावतात, ती हीच.