डोळा आधी कुठे जातो?

हात समोर ताठ धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहा. एका वेळी आपल्याला अगदी स्पष्ट दिसतं, ते साधारण तेवढंच. दृष्टिपटलाच्या मध्यभागी फोविआ नावाचा इवलासा खळगा असतो. बारीक तपशील टिपणाऱ्या शंकूपेशी सर्वांत दाट असतात त्या तिथे. त्याच्या बाहेर दृश्य झपाट्याने धूसर होत जातं. आपल्याला ते जाणवत नाही, कारण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो आणि मेंदू त्या तुकड्यांची गोधडी शिवतो.

म्हणजे सिनेमाचा पडदा आपण एका नजरेत कधीच पाहत नाही, तो वेचत जातो. चौकटीत काय मांडलंय याला महत्त्व आहेच. पण डोळा कशावरून कशावर जातो, अर्थ तिथे जुळतो.

आल्फ्रेड यार्बस या सोव्हिएत शास्त्रज्ञाने नजरेचा हा माग काढला. त्याचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं. चित्रकार रेपिनच्या एका चित्रात बऱ्याच काळाने घरी परतलेला माणूस दारातून आत येतोय. ते दाखवून ‘यातल्या माणसांची वयं किती?’ असं यार्बसने विचारलं की पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यांवर फिरे. ‘घरची परिस्थिती कशी?’ असं विचारलं की सामानसुमानाकडेही वळे. चित्र तेच, वाट वेगळी.

सिनेमात प्रश्न विचारायला कुणी नसतं. ते काम हालचाल, चेहरे आणि उजेड-अंधार करतात. आधी नजर खेचली जाते ती त्यांच्याकडे. ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) आई टेबलाशी बसून मुलाला दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्या कागदांवर सही करते. मागे खिडकीबाहेर तोच मुलगा बर्फात खेळतोय. छायालेखक ग्रेग टोलंड यांनी भिंगाचं छिद्र बारीक ठेवलं. छिद्र बारीक, तर जवळचं आणि लांबचं दोन्ही रेखीव. पण उजेड आत कमी येतो, म्हणून दिवे प्रखर हवेत. ही सगळी उठाठेव कशासाठी? लांबचा तो चिमुकला मुलगा धूसर होऊ नये म्हणून. सही आणि खेळ एकाच चौकटीत दिसतात. मुलाला काहीच ठाऊक नाही, हे कुणी बोलून दाखवावं लागत नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्या या मुलाच्या घरचे पकडलेलं डुक्कर बांबूला टांगून नेतात. मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रं आहेत. हलतं ते डोळा आधी पकडतो, म्हणून नजर डुकरावर आणि ते वाहणाऱ्या खांद्यांवर जाते. भिंत हलत नाही. तिच्यावरचे चेहरे नजरेला क्षणभर उशिरा सापडतात, आणि सापडले की सुटत नाहीत. संवाद नाही, भाष्य नाही. खांद्यावरचं ओझं आणि भिंतीवरचं वचन यांतलं अंतर प्रेक्षकाचा डोळाच मोजतो. तीच चित्रं वेगळ्या क्लोजअपमध्ये दाखवली असती, तर दिग्दर्शक बोट दाखवून सांगतोय असं वाटलं असतं. इथे ती आपल्याला सापडतात, म्हणून जास्त बोचतात.

‘फँड्री’ पुन्हा पाहाल, तेव्हा या प्रसंगाला आवाज बंद करा. आधी काय दिसलं आणि नंतर काय, एवढंच लक्षात ठेवा.